गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे ग्रेहॉक

बालमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण सुट्टीच्या दिवशी मित्रांकडे जमून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळता, हे आम्हाला ठाऊक आहे. वीस बाजूंचा फासा आपल्या वर्गातही कोणाच्या तरी दप्तरातून घरंगळत येतोच! पालकांना मात्र या खेळाचे कोडे उलगडत नाही. सापशिडीसारखा पट नाही, शेवटी कोणी जिंकत नाही की हरत नाही. मग ही मुले चार-चार तास बोलत तरी काय बसतात? म्हणून या अंकात आम्ही त्या खेळाच्या एका जनकाचे चरित्र देत आहोत. त्यांच्याबरोबरच त्यांनी कल्पनेने रचलेल्या एका जगाचीही ही हकिकत आहे. त्या जगाचे नाव ग्रेहॉक.

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागो येथे झाला. वडील स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आले होते आणि शिकागोच्या प्रसिद्ध सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत. म्हणजे गॅरीही तुमच्यासारखाच, परदेशातून आलेल्या घरातला मुलगा! १९४६ साली हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या गावी राहायला गेले. वडील गॅरीला जादूगारांच्या आणि शूरवीरांच्या गोष्टी सांगत. गॅरीला वाचनाचे वेड लागले, पण शाळेत त्याचे मन रमेना. १९५६ साली वडील वारले आणि त्याच सुमारास त्याने शाळा अर्धवट सोडली.

पुढे गॅरी यांनी शिकागोत विमा कंपनीत नोकरी धरली. लग्न झाले, पाच मुले झाली. घरच्या तळघरात त्यांनी वाळू भरलेले एक मोठे टेबल केले होते. त्या वाळूच्या टेकड्या-दऱ्यांतून छोटे छोटे सैनिक मांडून मित्रमंडळी लढाया खेळत. दिवाळीत किल्ला करून त्यावर मावळे मांडताना जी मजा येते, तीच ही मजा. फक्त येथे प्रत्येक हालचालीला नियम असत. १९६८ साली त्यांनी गावातला एक हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन अशा खेळगड्यांचे संमेलन भरवले. तेच आजचे 'जेन कॉन'.

१९७० साली विमा कंपनीतील नोकरी गेली. घरात पाच मुले आणि पगार बंद! गॅरी यांनी तळघरात जोडे दुरुस्त करण्याचे काम सुरू केले आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहीत राहिले. १९७१ साली जेफ पेरेन यांच्याबरोबर लिहिलेली 'चेनमेल' ही मध्ययुगीन लढायांची नियमावली प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटी जादूगार आणि ड्रॅगन यांचेही थोडे नियम होते.

शेजारच्या मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन नावाचे एक तरुण गृहस्थ 'ब्लॅकमूर' नावाचा निराळाच खेळ खेळवीत. त्यात खेळाडूकडे सगळे सैन्य नसे. प्रत्येकाने एकाच पात्राचे सोंग घ्यायचे, आपण काय करतो ते तोंडाने सांगायचे आणि फाशांनी निकाल लावायचा. १९७२ साली आर्नेसन यांनी लेक जिनिव्हाला येऊन हा खेळ दाखवला. गॅरी यांना तो इतका आवडला की त्यांनी लगेच स्वतःचा एक किल्ला कागदावर आखला आणि त्याखाली मजल्यामागून मजले भुयारे काढली. हाच ग्रेहॉकचा किल्ला. त्यात पहिले पाऊल टाकले ते त्यांच्याच मुलांनी, अर्नी आणि एलिस यांनी. मग किल्ल्याशेजारी गाव आले, गावाभोवती राज्ये आली. त्यासाठी त्यांनी उत्तर अमेरिकेचाच नकाशा वापरला आणि शिकागोच्या जागी ग्रेहॉक नगरी वसवली!

गॅरी आणि आर्नेसन यांनी या साऱ्याचे नियम तयार केले. बालमित्र डॉन के यांच्याबरोबर गॅरी यांनी टी.एस.आर. ही कंपनी काढली आणि जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १००० प्रती काढल्या. खोकी घरीच भरली. गंमत म्हणजे, या पहिल्या नियमांत खेळायला कोणतेही तयार जग दिलेले नव्हते. खेळ चालवणाऱ्याने आपले जग आपणच रचावे, अशी अपेक्षा होती. १९७५ साली 'ग्रेहॉक' नावाची पुरवणी आली, पण तिच्यातही जगाची माहिती फारच थोडी. चोर आणि पॅलाडिन अशा नव्या पात्रांचे नियमच पुष्कळ.

यशाबरोबर भांडणेही आली. 'अ‍ॅडव्हान्स्ड' नावाने निघालेल्या नव्या पुस्तकांवर आर्नेसन यांचे नाव नव्हते. त्यांनी १९७९ साली दावा लावला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. चरित्र लिहिताना आम्ही हे वगळणे योग्य नव्हे. खेळाचे जनक दोघे होते.

ग्रेहॉकचे जग खऱ्या अर्थाने छापले गेले १९८० साली: ३२ पानांचे पुस्तक आणि डार्लीन या चित्रकर्तीने काढलेला सुंदर रंगीत नकाशा. त्यासाठी गॅरी यांनी घरचा नकाशा बाजूला ठेवून नवा आखला. त्या जगाची कालगणना ५७६ या वर्षी थांबवलेली होती. पुढे काय घडते ते प्रत्येक घरच्या टेबलावर ठरायचे. १९८३ च्या पेटीत देवांची आणि राज्यांची माहिती वाढली, पण वर्ष तेच राहिले.

यानंतर गॅरी यांच्यावर मोठा प्रसंग आला. कंपनी कर्जात बुडाली होती. भागीदारांनी आपले भाग दुसऱ्याला विकले आणि १९८५ साली गॅरी यांना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. ते कोर्टात गेले आणि हरले. १९८६ साली त्यांनी कंपनी सोडली. गॉर्ड नावाच्या त्यांच्या कथानायकाचे हक्क त्यांच्याकडे राहिले. ग्रेहॉक मात्र कंपनीचे झाले. स्वतःच्या हाताने बांधलेल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, अशी त्यांची गत झाली. १९८८ साली निघालेल्या गॉर्डच्या अखेरच्या कादंबरीत त्यांनी ते सारे जगच नष्ट करून टाकले. त्याच वर्षी कंपनीने त्यांच्या किल्ल्याची टिंगल करणारे एक पुस्तक काढले!

पण कागदावर बुडालेले जग खेळाडूंच्या घरी बुडाले नाही. ते आवृत्तीमागून आवृत्ती बदलत राहिले. १९८९ साली नियमांची दुसरी आवृत्ती आली. हा खेळ मुलांना बिघडवतो, असा ओरडा तेव्हा अमेरिकेत झाला होता. म्हणून राक्षसांची नावे बदलली आणि मारेकऱ्याचे पात्र काढून टाकले. ग्रेहॉकमध्ये १९९१ साली एक महायुद्ध घडवले आणि १९९२ च्या पेटीत वर्ष ५८५ झाले. अर्धी राज्ये उद्ध्वस्त! काहींना हे काळोखे जग आवडले, तर काहींनी त्याकडे पाठ फिरवली. १९९३ नंतर कंपनीने ग्रेहॉकची पुस्तके काढणे थांबवले.

१९९७ साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टी.एस.आर. विकत घेतली. १९९८ मध्ये ग्रेहॉक परत आले आणि वर्ष ५९१ झाले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर तेच खेळाचे मूळ जग ठरले. नियम मात्र पुष्कळ बदलले होते. १९७८ च्या पुस्तकाप्रमाणे ड्वार्फ, म्हणजे डोंगरातले दणकट बुटके लोक, जादूगार होऊच शकत नसत. २००० साली ती बंदी उठली. मग त्या जगातल्या ड्वार्फांना एकाएकी जादू कशी येऊ लागली? कोणी त्याची गोष्ट रचली नाही. जणू ती त्यांना पहिल्यापासूनच येत होती! नियम बदलले की काल्पनिक जगाला असेच काहीतरी करावे लागते. एक तर युद्धासारखी मोठी घटना घडवून जग बदलायचे, नाही तर काहीच घडले नाही असे दाखवून पुढे जायचे. तिसराही एक मार्ग आहे: घड्याळ मागे फिरवायचे.

गॅरी यांनी उतारवयात आपला मूळ किल्ला पुन्हा लिहायला घेतला. ग्रेहॉक हे नाव वापरता येईना, म्हणून त्यांनी 'कॅसल झॅगिग' असे नाव दिले. गायगॅक्स हे नाव उलटे म्हणून पाहा, म्हणजे त्यातली खुबी कळेल! पहिला भाग २००५ मध्ये आला, पण सारा किल्ला काही पुरा झाला नाही. ४ मार्च २००८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, लेक जिनिव्हा येथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने मूळ जग म्हणून दुसरेच जग घेतले.

खेळाला ५० वर्षे झाली तेव्हा, म्हणजे २०२४ साली, खेळ चालवणाऱ्यांसाठी नवे पुस्तक निघाले. स्वतःचे जग कसे रचावे याचा नमुना म्हणून त्यात ग्रेहॉक दिले आहे, आणि वर्ष आहे पुन्हा ५७६! महायुद्ध अजून झालेलेच नाही. पुढे काय घडते ते तुम्हीच ठरवायचे.

गॅरी यांच्या हातून हक्क गेले, पदही गेले. पण 'टेन्सर' आणि 'मेल्फ' ही नावे आजही मंत्रांच्या यादीत आहेत. टेन्सर म्हणजे त्यांच्या अर्नेस्ट या मुलाच्या नावातली अक्षरे उलटसुलट केलेला जादूगार, आणि मेल्फ हे धाकट्या ल्यूकचे पात्र. ज्या मुलांसाठी तळघरात हे जग रचले, त्यांच्या खेळातल्या पात्रांची नावे आजही टिकून आहेत, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

पालकांनो, आज रात्री जेवताना मुलांना त्यांच्या जगाची गोष्ट विचारा. आणि मुलांनो, ती मराठीत सांगा! पुढच्या अंकासाठी प्रत्येकाने स्वतःच्या कल्पनेतील एका गावाचा नकाशा आणि त्याबद्दल दहा ओळी लिहून आणाव्यात. त्या गावात काय चालते आणि काय चालत नाही, याचा निदान एक तरी नियम त्यात असावा. पुढे तो बदलावासा वाटला, तर खुशाल बदला.