बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (२६ जून, १८८८ – १५ जुलै, १९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील ख्यातनाम गायक-अभिनेते होते. स्त्रीभूमिका आणि नाट्यपदांचे भावपूर्ण गायन यांसाठी ते ओळखले जातात. आजच्या श्रोत्यास त्यांच्या गायनाचा परिचय मुख्यतः ध्वनिमुद्रिकांतून होतो. मात्र रंगमंचावरील त्यांचे गाणे या मुद्रिकांहून पुष्कळ विस्तृत असे.

रंगभूमीवरील कारकीर्द

राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०५ मध्ये नारायणरावांचा किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश झाला. त्या मंडळीचे गायकनट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये निवर्तले होते. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते त्यानंतर, १९०२ मध्ये. त्यामुळे भाऊरावांचा आवाज केवळ आठवणींतच उरला. बालगंधर्वांच्या पिढीला हे नवे साधन लाभले.

१२ मार्च, १९११ रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी कन्येचे निधन झाले असूनही बालगंधर्वांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही आणि भामिनीची भूमिका पार पाडली. १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. 'स्वयंवर'मधील रुक्मिणी, 'एकच प्याला'मधील सिंधू आणि 'कान्होपात्रा'मधील नायिका या त्यांच्या विशेष गाजलेल्या भूमिका होत.

८ जुलै, १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या 'संयुक्त मानापमान'मध्ये केशवराव भोसले धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवरावांचे अकाली निधन झाले.

गायकी

भास्करबुवा बखले हे बालगंधर्वांचे गुरू. 'स्वयंवर'च्या पदांना बुवांनीच चाली दिल्या होत्या. सुरेल व गोड आवाज, स्पष्ट शब्दोच्चार, छोट्या दाणेदार ताना आणि लयीशी सहज चालणारा खेळ ही त्यांच्या गायनाची वैशिष्ट्ये होत. रागाचा विस्तार करतानाही पदाचा अर्थ आणि पात्राची मनःस्थिती यांवरून त्यांचे लक्ष ढळत नसे. त्यांना तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष यांची साथ लाभली होती.

प्रयोग आणि ध्वनिमुद्रिका

त्या काळातील ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. त्यामुळे पदाचा मुखडा, अंतरा आणि मोजक्या ताना एवढ्यातच गायन आटोपावे लागे. नाट्यगृहात मात्र 'वन्समोअर' मिळताच तेच पद ते नव्या जागा घेत पुन्हा गात. प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबत आणि गाण्यामुळे नाटकाची गती मंदावते, असा आक्षेपही घेतला जाई. भामिनीचा डौल किंवा सिंधूची व्याकुळता तबकडीत दिसत नाही. पण शब्द उच्चारण्याच्या ढंगातून तिची चाहूल लागते. म्हणूनच नाटक न पाहिलेल्या पुढील पिढ्यांतील गायकांनाही या मुद्रिका अभ्यासाव्याशा वाटल्या. कुमार गंधर्व यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम सादर करून या गायकीचा स्वतंत्र शोध घेतला.

उत्तरायुष्य

उंची वस्त्रे, भव्य नेपथ्य आणि नामवंत साथीदार यांवरील खर्चामुळे मंडळी कर्जात बुडाली. बोलपटांचे युग आल्यावर बालगंधर्वांनी प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' (१९३५) चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. परंतु प्रेक्षकांसमोर गाण्यात रमणारा हा कलावंत चित्रपटात स्थिरावला नाही आणि रंगभूमीकडे परतला. पुढे गोहर कर्नाटकी मंडळीत नायिकेच्या भूमिका करू लागल्या. अखेरची वर्षे आजारपणात व आर्थिक ओढाताणीत गेली.

१९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे उद्‌घाटन त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, २६ जून, १९६८ रोजी झाले.