पहिलं सेंटरफायर पिस्तूल निवडताना: जॉन ब्राउनिंगची गोष्ट

माझा मावसभाऊ अमेरिकेतच जन्मला, वाढला. राहतो युटा राज्यात. वर्षभर तो रेंजवर .२२ चं पिस्तूल चालवत होता आणि आता त्याला पहिलं सेंटरफायर घ्यायचं होतं. त्याची निवडही झाली होती: खिशात मावेल असं छोटं, हलकं .३८० चं पिस्तूल. त्याचं लॉजिक सरळ होतं. नवशिक्या आहे, म्हणजे छोटं काडतूस आणि छोटं पिस्तूल.

तेव्हा मी ऑफिसच्या कामाने तिकडे गेलो होतो. रेंजवर मी नुसता काचेमागे उभा राहून बघत होतो. त्याने तसंच एक पिस्तूल भाड्याने घेतलं. इन्स्ट्रक्टरने त्याला न सांगता मॅगझिनमध्ये मधेच एक खोटं काडतूस घातलं. ते आल्यावर बार उडाला नाही, पण पिस्तुलाची नळी चांगली दोन बोटं खाली झुकली. म्हणजे झटका बसायच्या आधीच हात घाबरत होता. नवीन नेमबाजाला लागणारी ही सगळ्यात वाईट सवय, आणि एकदा लागली की महिनोन्‌महिने सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑग्डेनला गेलो. तिथल्या जुन्या रेल्वे स्टेशनात जॉन मोझेस ब्राउनिंगचं म्युझियम आहे. भावाच्या प्रश्नाचं उत्तर मला या माणसाच्या आयुष्यात सापडलं.

आधी एक मिनिट: सेंटरफायर म्हणजे काय?

काडतुसात दारू पेटवणारा एक छोटा स्फोटक भाग असतो. .२२ मध्ये तो पुंगळीच्या कडेत भरलेला असतो, म्हणून ते रिमफायर. सेंटरफायरमध्ये तो बुडाच्या मधोमध, वेगळ्या टोपीत असतो. त्यामुळे पुंगळी जाड करता येते आणि जास्त दाब झेलता येतो. पिस्तुलाचं काडतूस मोठं झालं की झटका वाढतो. तो झटका कसा सांभाळायचा हे ब्राउनिंगने सोडवलं.

बापाच्या दुकानातला मुलगा

ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, ऑग्डेनचाच. वडील जोनाथन मॉर्मन पंथाचे आणि धंद्याने बंदूक कारागीर. मुलगा दुकानातल्या भंगारात वाढला. १८७९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं, एकबारी रायफलचं. भावांनी मिळून ती हाताने बनवून विकायला सुरुवात केली. तिची कीर्ती विंचेस्टर कंपनीपर्यंत गेली आणि १८८३ मध्ये कंपनीचा माणूस थेट ऑग्डेनला आला. ८,००० डॉलरला हक्क विकले गेले. पुढची जवळपास वीस वर्षं तो विंचेस्टरला डिझाइन्स विकत राहिला. कंपनीने त्यातली बरीच बनवलीही नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नयेत म्हणून घेऊन ठेवली.

१८८९ मध्ये एकदा नेमबाजी चालू असताना त्याचं लक्ष नळीसमोरच्या गवताकडे गेलं. प्रत्येक बाराबरोबर गवत वाकत होतं. म्हणजे गोळी गेल्यावरही वायूत ताकद उरते आणि ती फुकट जाते. ती कामाला लावली तर बंदूक स्वतःच पुंगळी फेकेल आणि नवं काडतूस भरेल. इथून तो स्वयंचलित शस्त्रांकडे वळला.

लॉक कधी सोडायचं?

पिस्तुलासाठी त्याने दोन वेगळे मार्ग काढले, आणि आपला मुद्दा इथेच आहे.

पहिला मार्ग ब्लोबॅक. इथे नळी पक्की असते आणि स्लाइडला कुठलंही कुलूप नसतं. पुंगळी मागे ढकलते, स्लाइड आपल्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोरावर तिला थोपवते. रचना सोपी आणि स्वस्त. बेल्जियमच्या एफएन कंपनीने १९०० साली काढलेलं त्याचं ७.६५ मिमीचं पिस्तूल असंच होतं. पण काडतूस तगडं झालं की स्प्रिंग कडक करावी लागते, स्लाइड जड करावी लागते. स्लाइड ओढताना जोर लागतो आणि झटका हातात टोचल्यासारखा येतो.

दुसरा मार्ग लॉकचा. बार उडाला की नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत थोडंसं अंतर सोबत मागे जातात. तेवढ्या वेळात गोळी बाहेर पडते आणि दाब उतरतो. मग नळी खाली सरकते, लॉक सुटतं आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल: लॉक लवकर सोडलं तर घोळ. झटका नाहीसा होत नाही, पण तो पसरून येतो.

१९०० च्या कोल्ट पिस्तुलात नळीला पुढे-मागे दोन कड्या होत्या. नंतर त्याने एक काढून टाकली आणि मागची ठेवली. ते .४५ चं पिस्तूल अमेरिकन लष्कराच्या चाचणीत ६,००० बार न अडकता चाललं आणि २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं गेलं.

दरम्यान १९०२ मध्ये रॉयल्टीवरून विंचेस्टरशी त्याचं फाटलं. तो रेमिंग्टनच्या ऑफिसात जाऊन बसला, तर त्याच दिवशी कंपनीचे अध्यक्ष हृदयविकाराने गेले. मग त्याने बोट पकडून बेल्जियम गाठलं. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजमध्ये, एफएनच्या कारखान्यातच त्याचं निधन झालं. शेवटचं पिस्तूल अर्धवट राहिलं होतं. ते ड्यूडोने सेव्ह या सहकाऱ्याने पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये हाय-पॉवर बाजारात आलं: ९ मिमी, १३ काडतुसांचं मॅगझिन. आपल्या लष्कराचं इशापूरला बनलेलं ९ मिमी पिस्तूल याच घराण्यातलं. आजच्या बहुतेक ९ मिमी पिस्तुलांची नळी याच तत्त्वावर झुकते.

दुसरी बाजू

म्युझियममधल्या त्या काचेसमोर मला नुसतं कौतुक करणं जमलं नाही. १९०८ मध्ये बाजारात आलेलं .३८० काडतूस ब्राउनिंगचंच. १९१४ मध्ये सारायेवोत आर्चड्यूकवर आणि ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींवर झाडलेल्या गोळ्या याच काडतुसाच्या होत्या. दोन्ही पिस्तुलं छोटी, सहज लपणारी. यंत्र चोख चालतं. ते कुणाच्या हातात आहे, हे यंत्राला कळत नाही.

मग भावाने काय घेतलं?

मी त्याला तीनच गोष्टी सांगितल्या. एक, छोटं पिस्तूल नवशिक्यासाठी सोपं नसतं. वजन कमी म्हणजे झटका जास्त, मूठ लहान म्हणजे पकड अर्धी. दोन, काडतुसाबरोबर आतली यंत्रणाही बघ. .३८० पेक्षा ९ मिमीचा दाब बराच जास्त, तरी लॉकवालं, पूर्ण आकाराचं ९ मिमी हाताला मऊ लागू शकतं. तीन, विकत घ्यायच्या आधी भाड्याने चालव, आणि स्लाइड न धडपडता ओढता येते का ते बघ.

पुढच्या शनिवारी त्याने पूर्ण आकाराचं ९ मिमी भाड्याने घेतलं. इन्स्ट्रक्टरने पुन्हा मधेच खोटं काडतूस घातलं. नळी झुकली, पण या वेळी अर्धं बोट. त्याने तेच घेतलं. .२२ मात्र विकलं नाही. दर वेळी सुरुवातीचे ५० बार तो अजूनही त्याच्यावरच मारतो.