कोबोलची आजी : ग्रेस हॉपर

कोबोल म्हटलं की आपण नाक मुरडतो. एवढी जुनी लँग्वेज आता कोण वापरतं? पण एप्रिल २०२० मध्ये, ऐन कोरोनात, अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल येणाऱ्या माणसांना जाहीर हाक मारावी लागली. बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला होता आणि सिस्टिम होती कित्येक दशकं जुनी. अशी सिस्टिम दुरुस्त करायला बाहेरची कंपनी बोलवायची, तर तिला आधी काय विचारायचं? ग्रेस हॉपर यांच्या आयुष्यात याचं उत्तर सापडतं.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला त्यांनी घरातली सात घड्याळं एकामागून एक खोलली! पुढे १९३४ मध्ये येलमधून गणितात पीएच.डी. केली, व्हॅसर कॉलेजात शिकवलं. महायुद्धात, १९४३ साली, चांगली नोकरी बाजूला ठेवून त्या नेव्हीत शिरल्या. वजन नियमापेक्षा कमी, त्यामुळे खास परवानगी काढावी लागली.

१९४४ मध्ये हार्वर्डला मार्क वन या ५१ फूट लांब मशीनवर त्यांची नेमणूक झाली. तिथे बॉसने त्यांना मशीनचं मॅन्युअल लिहायला बसवलं. १९४६ ला ते छापून आलं, पाचशेहून जास्त पानांचं. आपण जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री कसं लिहितो ते आठवा!

१९५२ मध्ये त्यांनी ए-झीरो हा सुरुवातीचा कम्पायलर केला. मग इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहायची फ्लो-मॅटिक लँग्वेज. १९५९ मध्ये एका कमिटीने कोबोल ठरवली, तिचा मोठा आधार फ्लो-मॅटिक हाच होता.

१९६६ च्या शेवटी, साठाव्या वर्षी, नेव्हीने त्यांना रिटायर केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. कारण काय, तर प्रत्येक कंपनीची कोबोल थोडी वेगळी. एका मशीनवरचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालेलच याची खात्री नाही. हॉपरबाईंच्या टीमने टेस्ट प्रोग्रामच तयार केले. कंपनीचा कम्पायलर त्यावर चालवायचा, रिझल्ट बघायचा. सेल्समनचं गोड बोलणं एकीकडे आणि टेस्टचा रिझल्ट एकीकडे! सहा महिन्यांचं काम वाढत वाढत १९८६ पर्यंत चाललं.

यातून मला सुचलेले प्रश्न असे. व्हेंडरला पहिलं विचारावं, जुना कोड वाचायच्या आधीच तुम्ही खर्चाचा आकडा कसा सांगता? दुसरं, जुनी आणि नवी सिस्टिम काही दिवस शेजारी शेजारी चालवून दोन्हींचं उत्तर एकच येतं हे दाखवाल का? तिसरं, बिघडलं तर एका दिवसात मागे कसं जाणार? चौथं, डॉक्युमेंटेशन कोण लिहिणार? आणि शेवटचं, तुम्ही गेल्यावर सोर्स कोड कोणाकडे राहणार? तोंडी उत्तर ऐकून मान डोलवू नये, करून दाखवायला सांगावं.

१९८६ ला हॉपर ७९ व्या वर्षी रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या आणि लगेच डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. पुढे आठच वर्षांनी वायटूके आलं. पूर्वी मेमरी वाचवायला वर्षाचे दोनच आकडे लिहायचे, ते आता निस्तरायचं होतं. त्यातलं कितीतरी काम भारतातल्या कंपन्यांनी केलं.

म्हणजे बघा, प्लेसमेंटनंतर आपल्यातले कित्येक जण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, व्हेंडरच्या खुर्चीत बसणार आहेत. हे प्रश्न तेव्हा आपल्यालाच विचारले जातील. व्हायव्हाला देतो तसली उत्तरं तिथे चालणार नाहीत, कारण त्या सिस्टिमवर कोणाचा तरी भत्ता, कोणाची तरी पेन्शन अडलेली असेल.