समजून घ्या : महात्मा फुले यांच्या ‘निर्मिका’ला दलाल का नको होता?

टेमघर (भिवंडी) : विश्व कुणीतरी निर्माण केले, पण तो आता नवसाला पावत नाही की कुणावर कोपत नाही, या विचाराला डीइझम म्हणतात. टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्राचेच उदाहरण घ्या. ते बांधणारा अभियंता आज कुणाच्या नळाला किती पाणी द्यायचे हे ठरवायला येत नाही. पण त्याच्याशी ओळख असल्याचे सांगून कुणी चावी फिरवण्याचे पैसे मागू लागला तर? धर्माच्या बाबतीत हाच प्रश्न जोतीराव फुले यांनी रोखठोकपणे उभा केला.

११ एप्रिल १८२७ रोजी जन्मलेले जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४७ च्या सुमारास थॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ त्यांच्या हाती पडले. याच पेन यांनी ‘द एज ऑफ रीझन’मध्ये चर्चचा अधिकार नाकारून एका निर्मात्यावरील विश्वास मांडला होता. जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. ते बांधकामाचे ठेकेदारही होते, हे आपण सहसा विसरतो.

१८७३ मध्ये त्यांचे ‘गुलामगिरी’ आले. ब्रह्मदेवाच्या अवयवांतून वर्ण जन्मल्याच्या कथेची त्यात त्यांनी भर बाजारात झडती घेतली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि २५ डिसेंबरला भटजीविना पहिले लग्न लागले. पुढे जुन्नर तालुक्यात ओतूरला असे लग्न झाले, तेव्हा जोशी थेट न्यायालयात गेले. विधी केलेलाच नव्हता, तरी हक्क हवा होता! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

आता मूळ प्रश्न : निर्मिक मानणे तर्काला धरून आहे का? विज्ञानाच्या कसोटीवर हा दावा सिद्ध होत नाही. विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिउष्ण, अतिदाट अवस्थेतून प्रसरण पावू लागले, इथवर पुरावे आहेत. त्यामागे कर्ता होता का, हे समीकरणे सांगत नाहीत. कर्ता मानलाच, तर त्याला कुणी घडवले, हा प्रश्न पुन्हा उरतोच.

पण जोतीरावांचा रोख दुसरीकडे होता. सर्वांना एकानेच निर्माण केले असेल, तर कुणी जन्माने वरचढ कसा? आणि निर्मिक न्यायी असेल, तर जगात एवढा अन्याय का? या कोड्यापुढे अनेक धर्म पूर्वजन्माचा आधार घेतात. जोतीरावांनी दोष सरळ माणसांवर ठेवला. माझ्या मते त्यांच्या मांडणीतला हा सर्वांत भक्कम भाग आहे, आणि तो नास्तिकालाही पटावा. अर्थात, त्यांचा निर्मिक पेनच्या निर्मात्याची नक्कल नाही. त्यांच्या अखंडांत त्याच्याविषयी कृतज्ञता आहे. फक्त नामस्मरण, मूर्तिपूजा, पत्रिका यांना तिथे जागा नाही.

१८८८ मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडली. डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. ते १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा जोतीराव हयात नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले होते. अंत्ययात्रेत टिटवे कुणी धरायचे, यावरून दत्तकपुत्र यशवंत यांच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या.