महूच्या छावणीतला चौकस साहेब

शोधनिबंधासाठी मी अहिल्याबाई होळकरांचा कारभार हा विषय घेतला. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, तेव्हा वसूल-खर्च पाहावा एवढाच विचार होता. पंधरवड्यात वहीभर टिपणे जमली आणि ती आपापसांत भांडू लागली. एका टिपणात बाई साक्षात देवी, तर दुसऱ्यात पोटच्या मुलाचा जीव घेणारी आई! शेवटी, ज्याच्या ग्रंथावरून पुष्कळांनी लिहिले, त्या सर जॉन माल्कमकडे वळलो.

माल्कमचा जन्म २ मे १७६९ चा, स्कॉटलंडमधला. सतरा भावंडांतला हा एक. कंपनीच्या संचालकांनी मुलाखतीत विचारले की, हैदरअली समोर आला तर काय करशील? मुंडके उडवीन, असे पोराने ठणकावले आणि नेमणूक मिळवली, अशी आख्यायिका आहे. १७८३ मध्ये तो मद्रासला उतरला, फारसी शिकला, इराणला वकील म्हणून गेला आणि १८१५ मध्ये त्या देशाचा इतिहास प्रसिद्ध केला.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. त्या लढाईत माल्कम होता आणि ६ जानेवारी १८१८ चा मंदसोरचा तहही त्यानेच घडवला. या तहानंतर इंदूर राजधानी झाली व जवळच महूला इंग्रजांची छावणी पडली. ज्याने राज्य नमवले तोच त्याचा इतिहास लिहायला बसला, हे वाचताना विसरून चालत नाही.

पण साहेबाची चौकशीची रीत मात्र मला फार आवडली. अहिल्याबाई १७९५ मध्ये वारल्या. त्यांना पाहिलेली माणसे अजून हयात होती. होळकरांच्या आश्रितांनी केलेली स्तुती एकतर्फी असेल, अशी शंका त्याला आली. म्हणून त्याने सर्व थरांतल्या लोकांकडे विचारपूस केली. जितके खणावे तितका बाईंविषयीचा आदर वाढतच गेला, असे त्याला आढळले. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकायला लावला, ही हकीकतही त्याच्याच ग्रंथात आहे. (आजच्या एखाद्या मंत्र्याने असे केले तर!)

आता मालेरावांची गोष्ट. त्यांनी एका कशिदा काढणाऱ्याला संशयावरून ठार केले आणि तो निर्दोष होता असे कळल्यावर त्यांना वेड लागले. मेलेल्याचे भूतच त्यांच्या तोंडून बोलते, असे लोक म्हणत. आई उशाशी बसून त्या भुताची विनवणी करी, त्याच्यासाठी देऊळ बांधण्याचे व कुटुंबाला इनाम देण्याचे कबूल करी. १७६७ मध्ये मालेराव वारले आणि आईनेच मारले अशी आवई उठली. माल्कमने या आरोपाची खास चौकशी केली आणि बाई निर्दोष असल्याचे लिहिले. पन्नास वर्षांपूर्वीची कुजबुज त्याने ऐकली, पण पडताळल्याशिवाय उतरवली नाही.

जमलेला मजकूर त्याने घराण्यांनुसार लावला. होळकर, शिंदे, धार-देवासचे पवार, भोपाळचे नवाब अशी प्रकरणे पाडली. पेंढारी, राजपूत, भिल्ल वेगळे घेतले. महसूल आणि लोकसंख्या वेगळी ठेवली. कॅप्टन डेंजरफील्डने केलेली माळव्याच्या भूस्तरांची पाहणी परिशिष्टात घातली. आधी सरकारसाठी अहवाल, मग त्यावरून १८२३ मध्ये लंडनला दोन खंडांचा ग्रंथ, असा हा क्रम होता. आकड्यांची कोष्टके मी आधी पाहिली, हे कबूल करतो!

पुढे १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता. ३० मे १८३३ रोजी लंडनला वारला. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे.

मी माझी वही पुन्हा आखली. मालेरावांच्या मृत्यूच्या दोन्ही नोंदी समोरासमोर घेतल्या आणि मध्ये एक नवा रकाना काढला : कोणी सांगितले? पहिल्या नोंदीसमोर तो भरला आहे. दुसरीसमोरचा अजून कोराच आहे.