केडगावच्या रमाबाई : मोठ्यांचा मान राखला, देवाची वाट सोडली नाही

केडगाव (ता. दौंड) : पुणे–दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावचं नाव देशात आणि परदेशात पोहोचवलं ते पंडिता रमाबाई यांनी. मुक्ती मिशनच्या संस्थापक म्हणून त्या सगळ्यांना माहीत आहेत. पण ख्रिस्ती जीवनात देव दाखवतो त्या वाटेनं चालायचं की वडीलधारे आणि धर्मगुरू सांगतात ते ऐकायचं, हा पेच त्यांना आयुष्यभर पडत राहिला. तो त्यांनी कसा सोडवला, हे आजही समजून घेण्यासारखं आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवायचं नाही, असा तो काळ. तरी त्यांनी पत्नीला शिकवलं, मुलीलाही शिकवलं. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थक्षेत्रं फिरायचं. दुष्काळाच्या दिवसांत उपासमारीनं आई, वडील आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. दोघं पायी फिरत १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढं भाऊ गेला. पती बिपिनबिहारी मेधवी हेही १८८२ मध्ये गेले. कडेवर लहान मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला.

१८८३ मध्ये त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तिथल्या भगिनी पडलेल्या बायकांना जवळ करतात, हे पाहून त्यांचं मन हललं. मूळचे पंडित असलेले फादर नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणानं त्यांच्या बऱ्याच शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

खरी कसोटी इथून पुढं लागली. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमानं आजीबाई म्हणायच्या. पण धर्मातली एखादी गोष्ट पटली नाही, तर मुकाट्यानं मान डोलावणं त्यांना जमायचं नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपल्या लोकांसाठी संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. इंग्लंडात राहूनही जेवण शाकाहारीच ठेवलं. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा तेही त्यांना मान्य झालं नाही. दोघींत लांबलचक पत्रं झाली, रुसवेफुगवे झाले. पण नातं तुटलं नाही. रमाबाई वाद घालायच्या तो समोरासमोर, स्वतःच्या सहीनं. मागं कुजबुज नाही की गट करणं नाही.

मुंबईत १८८९ मध्ये त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. सदनात धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं आणि काही मुली आपण होऊन येऊन बसायच्या. यावरून १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे मदतगार सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. घाव मोठा होता, पण रमाबाईंनी प्रार्थनेचं दार लावून घेतलं नाही.

सदनाला पोटापाण्याची सोय हवी म्हणून त्यांनी केडगावला माळाची जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक काय असते हे रमाबाईंनी स्वतः भोगलं होतं. देव आपल्याला तिकडं बोलावतोय, असं त्यांना प्रार्थनेत वाटलं. हातात पैशाची खात्री नव्हती. तरी त्या गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेग. मुलींना केडगावच्या माळावर तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवावं लागलं. तीच ‘मुक्ती’ची सुरुवात. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही आल्या आणि खाणारी तोंडं दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळी कामं मुलीच करू लागल्या.

देवाचं मार्गदर्शन म्हणजे मनाला येईल ते, असं रमाबाईंनी कधी मानलं नाही. आधी प्रार्थना, मग पवित्र शास्त्र, आणि मग कामाला हात. शास्त्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकून भागेना, म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी सगळं बायबल आणलं. मुक्तीतल्याच मुलींनी त्याचे खिळे जुळवले.

काम पुढं सांभाळेल ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. तो घाव सोसूनही रमाबाई भाषांतराला चिकटून राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच त्यांनी देह ठेवला. बायबल त्यांच्या मागं प्रसिद्ध झालं.

मोठ्यांचा मान राखणं आणि त्यांच्यापुढं गप्प बसणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे रमाबाईंनी जगून दाखवलं. देवाचं ऐकलं की नाही हे शेवटी कामावरून कळतं. त्यांनी लावलेलं मुक्तीचं काम आजही केडगावात चालू आहे.