गॅरेजमधला काळोख

युरोप-अमेरिकेत आजही दरवर्षी 'रॉ ब्लॅक मेटल' या नावाखाली नवनवे अल्बम निघत असतात. घरच्या संगणकावर प्रत्येक वाद्य स्वच्छ आणि सुटे मुद्रित करणे सहजशक्य झालेले असताना हे वादक आवाज मुद्दाम खरखरीत ठेवतात. ड्रम दूर कोठेतरी वाजत असल्यासारखे ऐकू यावेत, गायकाचा चीत्कार विहिरीतून उठल्यासारखा घुमावा, यासाठी कष्ट घेतात. कित्येक जण तर कॅसेटवरच अल्बम काढतात. ज्या जुन्या ध्वनीसाठी हा सारा अट्टहास चालतो, तो घडवणाऱ्यांमध्ये स्वीडनच्या क्वॉर्थनचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्याच्यापुढे मात्र निवडीचा प्रश्नच नव्हता. हाताशी होते तेवढ्यातून जे निघाले, ते त्याने जगापुढे ठेवले.

टॉमस फोर्सबर्ग हे त्याचे खरे नाव. जन्म १७ फेब्रुवारी १९६६ चा. सतराव्या वर्षी, १९८३ मध्ये, स्टॉकहोममध्ये त्याने 'बाथोरी' हा वाद्यवृंद उभा केला. क्रौर्याच्या दंतकथांनी कुप्रसिद्ध झालेल्या हंगेरीच्या सरदारघराण्यातील एलिझाबेथ बाथोरीवरून हे नाव आले. पुढे संगीतपटांचा दिग्दर्शक म्हणून जगभर गाजलेला योनास ओकेरलुंड हा या वाद्यवृंदाचा पहिला ड्रमवादक होता.

१९८४ च्या आरंभी एक स्वीडिश ध्वनिमुद्रण कंपनी उत्तरेकडील मेटल वाद्यवृंदांचा संग्रह काढीत होती. ऐनवेळी एका वाद्यवृंदाने माघार घेतली आणि रिकाम्या जागेवर बाथोरीची वर्णी लागली. संग्रह बाजारात आल्यावर श्रोत्यांची बहुतेक पत्रे या नवख्या मुलांविषयीचीच निघाली. तेव्हा कंपनीचे बोरिये फोर्सबर्ग यांनी पूर्ण अल्बमची मागणी केली. बोरिये हे क्वॉर्थनचे वडील, असे आज सर्वत्र मानले जाते. मात्र या नात्याची वाच्यता दोघांनी दीर्घकाळ होऊ दिली नाही. आडनावाचे साम्य नजरेत भरू नये म्हणूनच की काय, क्वॉर्थन खऱ्या नावाविषयी विचारणाऱ्यांना नाना थापा मारीत असे.

१९८४ च्या उन्हाळ्यात 'हेवनशोर' नावाच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले. नाव भारदस्त असले, तरी हा स्टुडिओ म्हणजे एक गॅरेजच होते आणि यंत्र होते आठ ट्रॅकचे. ट्रॅक मोजके म्हणजे वाद्ये एकमेकांत मिसळणार, एकदा मिसळलेले पुन्हा सुटे करता येणार नाही आणि चूक झाली तर बहुधा ती तशीच राहणार. गिटारचा आवाज करवतीसारखा पातळ आणि बोचरा निघाला. मुखपृष्ठावरचा बोकड सोनेरी हवा होता. पहिल्या हजार प्रती पिवळ्या बोकडाच्या निघाल्या. संग्राहक आज त्याच प्रतींच्या मागे धावतात.

'ब्लॅक मेटल' हे नाव इंग्लंडच्या 'व्हेनम'ने १९८२ मध्ये आपल्या अल्बमला दिले होते. व्हेनमचा प्रभाव क्वॉर्थनने सतत नाकारला. तो नकार फारसा पटण्याजोगा नाही. तरीही व्हेनमच्या सैतानी अवतारात जो मिश्कीलपणा जाणवतो, त्याचा मागमूस बाथोरीत नाही, हे मान्य करावे लागते. १९८५ चा दुसरा आणि विशेषतः १९८७ चा 'अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क' हा तिसरा अल्बम ऐकताना अंगावर काटा येतो तो याचमुळे.

सुरुवातीचे थोडे कार्यक्रम वगळता बाथोरीने रंगमंच कायमचा सोडला. प्रत्यक्ष दर्शन नसल्याने गूढता वाढत गेली. नॉर्वेतील तरुण या ध्वनिमुद्रिकांची पारायणे करू लागले. 'डार्कथ्रोन'ने १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' केवळ चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केला. एकाची अडचण दुसऱ्याचे व्रत झाले ते असे. त्याच नॉर्वेत १९९२ पासून काही तरुणांनी चर्च जाळली आणि खूनही पडले.

क्वॉर्थन तोवर फार पुढे निघून गेला होता. सैतान ही ख्रिस्ती धर्माचीच निर्मिती. मग त्याचा जयजयकार करून त्या धर्माच्या चौकटीबाहेर कसे पडणार, असा विचार करून तो नॉर्स पुराणांकडे वळला. १९८८ च्या 'ब्लड फायर डेथ'च्या मुखपृष्ठावर त्याने नॉर्वेजियन चित्रकार आर्बो याचे आकाशातून धावणाऱ्या देवसैन्याचे चित्र घेतले. १९९० च्या 'हॅमरहार्ट'मध्ये गाण्यांची गती मंदावली, चीत्काराच्या जागी कच्चे, प्रसंगी बेसूर. पण मनापासूनचे गाणे आले. समूहगानाचे थर चढले. उत्तरेत नव्या धर्माचे आगमन होत असल्याचे वर्णन करणारे त्यातले शेवटचे गाणे त्याच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वोत्तम ठरावे. पुढच्याच वर्षीच्या 'ट्वायलाइट ऑफ द गॉड्स'मध्ये त्याने ब्रिटिश संगीतकार होल्स्टच्या गुरूवरील रचनेची धून योजली. आज 'व्हायकिंग मेटल' म्हणून ओळखली जाणारी धारा येथूनच वाहू लागली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर काढलेले 'रेक्विएम' आणि 'ऑक्टागॉन' हे अल्बम मात्र फसले. गॅरेजकडे परतण्याचा तो प्रयत्न त्याच्या चाहत्यांनाही रुचला नाही. २००२ आणि २००३ मध्ये 'नॉर्डलँड'चे दोन भाग आले आणि तो पुन्हा व्हायकिंगांच्या प्रदेशात स्थिरावला. ही मालिका चार भागांची होणार होती. जून २००४ मध्ये स्टॉकहोमच्या राहत्या घरी क्वॉर्थन मृतावस्थेत आढळला. हृदय बंद पडले होते. वय अवघे ३८. उरलेले दोन भाग निघालेच नाहीत. २००६ मध्ये त्याच्या स्मरणार्थ गाण्यांचा संच निघाला. बोरिये यांचे निधन २०१७ मध्ये झाले.